बेथेस्दाच्या काठावर राहिलेले

"पैठण इथून पन्नासेक किलोमीटर. तिथं ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले, हे सगळा महाराष्ट्र सांगतो. तुला त्यात काही खटकत नाही. मग प्रभू पाण्यावरून चालला म्हटलं की तुझ्या कपाळाला आठ्या का पडतात?" आत्यानं विचारलं.

"कारण रेड्याची गोष्ट ऐकून कुणी लेकराची फिटची गोळी बंद करत नाही," मी म्हणालो.

आत्याच्या गल्लीत एका शाळकरी मुलीला फिट येतात. आईवडील तिला एका चंगाई सभेला घेऊन गेले होते. तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, ती बरी झाल्याचं माइकवरून जाहीर झालं आणि घरी आल्यावर गोळ्यांची पाकिटं कपाटावर गेली. काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी, शाळेत प्रार्थनेला रांगेत उभी असतानाच ती कोसळली. त्या संध्याकाळी मी आत्याकडे गेलो तो रागातच.

आत्या राहते ती मुकुंदवाडी मूळचं गाव. शहर जालना रोडनं पूर्वेला सरकत आलं आणि गावाला पोटात घेऊन पुढं गेलं. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत काम मिळालं म्हणून जालना, बीड, परभणीकडून माणसं आली आणि रेल्वे स्टेशनच्या आसपास दोन-दोन खोल्यांत राहिली. इथं मंदिर आहे, बुद्धविहार आहे, मशीद आहे, आणि पत्र्याच्या खोलीत शुक्रवारी भरणाऱ्या प्रार्थनासभाही आहेत. अशा वस्तीत चमत्काराचा प्रश्न पुस्तकी राहत नाही. पुढच्या तपासणीला पैसे नसतात, आजार असतो आणि दारात कुणीतरी पत्रक देऊन जातं.

आत्या निवृत्त परिचारिका आहे. मिशनच्या दवाखान्यात शिकली, पुढं सगळी नोकरी सरकारी वॉर्डात काढली. तिच्याही घरी शुक्रवारी प्रार्थना असते. मी औषधाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. पाकिटावर जेवढं औषध लिहिलंय तेवढं गोळीत आहे का, हे पाहणं माझं काम. देवळात मी नाताळापुरता जातो. त्याला कारण आहे आणि ते पुढं येईलच.

"आत्या, मी स्वच्छ सांगतो," मी म्हणालो. "डेव्हिड ह्यूम नावाच्या स्कॉटिश तत्त्वज्ञानं १७४८ साली एक हिशेब मांडला. कुणी चमत्कार घडल्याचं सांगितलं की दोन शक्यता तोलायच्या. निसर्गाचा नियम मोडला गेला, ही एक. सांगणारा चुकला, फसला किंवा खोटं बोलला, ही दुसरी. दुसरी शक्यता कायमच जड भरते. मला अजून याला उत्तर सापडलेलं नाही."

मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "माणसं चुकतात हे मला कुण्या तत्त्वज्ञानं सांगायला नको. वॉर्डात सगळी उमर हेच पाहिलं. दुःखात माणूस जास्तच चुकतो. ताप उतरायच्या वेळेला उतरतो आणि श्रेय अंगाऱ्याला जातं. म्हणून तर मंडळीनं आधी तपासावं."

"तपासते कोण? २०१२ साली मुंबईत काय झालं?" विलेपार्ल्याला इर्ल्यात वेलंकणी मातेचं चर्च आहे. तिथल्या क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं, लोक ते पाणी भरून नेऊ लागले. सनल एडमारुकू या विवेकवादी कार्यकर्त्यानं जाऊन पाहिलं. जवळच्या तुंबलेल्या मोरीचं पाणी भिंतीतून झिरपत वर चढत होतं. केशाकर्षण, शाळेच्या पुस्तकातलं. त्यांनी ते सांगितलं तर धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली, २९५-अ खाली, पोलिसांत तक्रारी झाल्या आणि त्याच वर्षी ते फिनलंडला निघून गेले.

"मोरीचं पाणी असेल तर मोरीचं म्हणावं," आत्या म्हणाली. "प्रभू स्वतः सत्य आहे असं आपण म्हणतो आणि सत्य सांगणाऱ्यावर फिर्याद करतो? मला त्याची आजही लाज वाटते. आपल्या चर्चनं तो चमत्कार म्हणून जाहीरसुद्धा केला नव्हता."

हे मान्य करायला हवं. मोठी जुनी चर्चेस या बाबतीत आपल्या गल्लीतल्या प्रचारकापेक्षा कितीतरी कंजूष असतात. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ पासून आजारी माणसं जाताहेत. बरं झाल्याचे दावे हजारोंनी नोंदले गेले, तिथं डॉक्टरांचं कायम कार्यालय आहे. आणि चर्चनं अधिकृतपणे चमत्कार म्हणून मान्य केलेली सत्तरावी घटना २०१८ साली जाहीर झाली. तोवरच्या दीडशेहून अधिक वर्षांत सत्तर! आजार गंभीर हवा, उपचारानं बरा होण्यासारखा नसावा, बरं होणं एकाएकी आणि पूर्ण हवं, ते टिकायला हवं, असे निकष. हे सगळं पाळूनही वाद संपत नाहीत. मदर तेरेसांना २००३ साली धन्य घोषित करताना बंगालमधल्या एका आदिवासी बाईच्या पोटातली गाठ बरी झाल्याचा आधार घेतला गेला. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर म्हणाले, ती क्षयाची गाठ होती आणि आमच्या औषधानं गेली.

"मग त्यांचं खरं असेल," आत्या म्हणाली. "मदरनं गटारीकाठची माणसं उचलली, ते त्या गाठीवर अवलंबून आहे का? वसईच्या गोन्सालो गार्सियाचं बघ. आपल्या मुलखातला संत, १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मारला. विश्वासासाठी जीव दिलेल्याला धन्य ठरवताना चर्च आता चमत्काराचा पुरावासुद्धा मागत नाही."

"म्हणजे चमत्कार नसले तरी चालतात," मी धरून बसलो. "मग टाकून का देत नाहीस? थॉमस जेफरसन अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होऊन गेला. त्यानं म्हातारपणी पात्याने शुभवर्तमानं कापली. चमत्कार वगळले, उपदेश ठेवला, पुनरुत्थान काढलं, कबरीवर धोंडा लावून पुस्तक संपवलं. मला ते पुस्तक प्रामाणिक वाटतं. शेजाऱ्यावर प्रीती कर, शत्रूला क्षमा कर, एवढं मला पुरतं. एकनाथांचंच बघ. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. त्या गोष्टीत चमत्कार कुठंय? आणि पैठणची तीच गोष्ट सगळ्यांत मोठी आहे."

यावर आत्या बराच वेळ बोलली आणि तिचं हे म्हणणं मला अजून पुरतं खोडता आलेलं नाही.

"नाथ काय म्हणाले होते त्या वेळी? हे पाणी रामेश्वराला पोचलं. गाढवाच्या घशात देव पाणी पितो असं मनापासून मानणारा माणूसच काशीपासून आणलेली कावड रिकामी करतो. तू गोष्टीतलं गाढव ठेवतोस आणि रामेश्वर काढतोस. मग ती कावड रिकामी होईल का, याचा विचार कर. आता शुभवर्तमान कापून बघ. कुष्ठरोगी आला, प्रभूनं त्याला शुद्ध केलं. हा चमत्कार, म्हणून तू कापणार. पण नीट वाच. आधी हात लावला आणि मग तो बरा झाला. अंगावर रोग असताना हात लावला. तुझ्या पात्यानं तो हातही कापला जातो."

ती थांबली, पाणी प्याली. "तुझ्या पणजोबांना गावात ओंजळीत पाणी वरून ओतायचे. सावली पडू द्यायचे नाहीत. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं. स्वतः ब्राह्मणाचा मुलगा, १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेला. त्यांच्याकडं मांगवाड्यातली, महारवाड्यातली माणसं का गेली असतील? पाण्यावर चालता येतं म्हणून? ज्याला शिवायचं नाही त्याला देव शिवतो, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं म्हणून गेली. रक्तस्रावाची बाई आठव. बारा वर्षं दुखणं, सगळा पैसा वैद्यांवर गेला आणि दुखणं वाढलं. असल्या बाया मी रोज पाहिल्या. ती मागून येऊन नुसता कपड्याला शिवते, कारण ती विटाळाची. तो तिला गर्दीत समोर बोलावतो आणि मुलगी म्हणतो. रक्त थांबलं हे खरंच, पण सगळ्यांदेखत मुलगी म्हटलं, यासाठी तिला समोर आणलं. चमत्कार म्हणजे देव कुणाच्या बाजूला बसलाय ते कळणं. मी तरी असंच समजते."

इथं मला एक सांगावंसं वाटतं. येशूच्या चमत्कारांच्या गोष्टी मराठीला परक्या नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले तेव्हा पैठणला एकनाथ हयात होते. स्टीफन्सनी 'ख्रिस्तपुराण' ओव्यांत लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं आणि त्यात काना गावच्या लग्नातलं पाण्याचं द्राक्षारस होणंही आहे. ज्या कानांना संतांच्या चमत्कारांची सवय होती त्यांच्यासाठीच ते लिहिलेलं. तेव्हा आत्यानं एकनाथ आणि शुभवर्तमान एका दमात सांगावं यात नवल नाही, आमच्या घरात ते नेहमीचं आहे.

तरी माझा राग तिथं नव्हताच.

"देव दुबळ्याच्या बाजूला बसतो, छान. मग आईच्या बाजूला कोण बसलं होतं?"

माझ्या आईला गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग झाला. कळलं तेव्हा उशीर झालेला. मी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होतो. घरी उपास-प्रार्थना चालू होत्या, साखळी प्रार्थना चालू होत्या. त्याच महिन्यांत मंडळीतल्या एका माणसाचं मोठं दुखणं बरं झालं आणि त्यानं रविवारी उभं राहून साक्ष दिली. पुढच्या आठवड्यात एक प्रचारक आमच्या घरी आले. आईच्या उशाशी उभे राहून म्हणाले, या घरात कुठंतरी अविश्वास दडलाय, तो निघेपर्यंत चंगाई होणार नाही. त्यांनी बघितलं माझ्याकडं. पण ऐकलं आईनं. नंतर जाईपर्यंत ती विचारत राहिली, माझ्याच विश्वासात काही कमी पडलं का? वेदना एवढ्या, आणि वर हा प्रश्न. मॉर्फिननं वेदना कमी होत, प्रश्न होत नसे.

"मी तिथंच होते," आत्या म्हणाली. "मी गप्प बसले. तेव्हा सेवकापुढं बोलायची रीत नव्हती. आज बोलते. तो माणूस खोटं बोलला."

"खोटं कसं? शास्त्रातच आहे. बरं झालेल्यांना येशू म्हणतो, तुमच्या विश्वासानं तुम्हाला बरं केलं. नासरेथात लोकांचा अविश्वास होता म्हणून तिथं फारसं काही करता आलं नाही, असं मार्क लिहितो."

"लिहितो. त्याच ओळीत असंही लिहितो की थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवून त्यांना बरं केलं. अविश्वास धडधाकट गावकऱ्यांचा होता. सुताराचा पोरगा आम्हाला काय शिकवतो, असं म्हणणाऱ्यांचा. आजाऱ्यांना त्यानं परत पाठवलं नाही. बरं झालेल्याला त्यानं श्रेय दिलं, खरंय. पण बरं न झालेल्यावर दोष ठेवला, असं एक ठिकाण मला चारही शुभवर्तमानांत दाखव."

मी शोधलं. त्या संध्याकाळी मोबाइलवर शोधलं, नंतर घरी आईचं जुनं पवित्र शास्त्र काढून शोधलं. सापडलं नाही. उलट आमच्या गल्लीतल्या मुलीला लागू पडावी अशी गोष्ट सापडली. मार्कच्या नवव्या अध्यायात एक बाप मुलाला घेऊन येतो. मुलगा पडतो, तोंडाला फेस येतो, दात खातो, ताठरतो, कधी आगीत पडतो कधी पाण्यात. कोणतीही परिचारिका हे वर्णन ओळखेल. शिष्यांना तो बरा करता आलेला नसतो. येशू रागावतो, पण पिढीवर आणि आपल्या माणसांवर. बाप कबूल करतो की विश्वास आहे आणि नाहीही, या नसण्यातच मदत करा. इतक्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर मुलगा उठतो. चंगाई सभांत हा उतारा नेहमी वाचतात. बापाच्या त्या कबुलीवर कुणी थांबलेलं मी तरी ऐकलं नाही.

पण मी हरायला बसलो नव्हतो. माझ्याकडं एक प्रश्न होता आणि तो मी अनेक वर्षं सांभाळून ठेवला होता.

"बेथेस्दाचं तळं," मी म्हणालो. "योहानाचा पाचवा अध्याय. पाच पडव्या. आंधळे, लंगडे, वाळलेले, कितीतरी जण पडलेले. येशू येतो, अडतीस वर्षं आजारी असलेल्या एकाशी बोलतो, त्याला बाज उचलून चालायला लावतो आणि निघून जातो. बाकीचे? ते तिथंच. त्यांच्याबद्दल एक शब्द नाही. आत्या, माझी आई त्या बाकीच्यांत होती. ज्याला सगळ्यांना उठवता येतं तो एकालाच उठवत असेल तर त्याच्या दयेवर मी विश्वास ठेवू शकत नाही. यापेक्षा कुणालाच उठवता येत नाही, हे मला जास्त बरं वाटतं. निदान त्यात निवड नाही."

आत्या गप्प झाली. बाहेर काचीगुड्याकडे जाणारी गाडी स्टेशनात थांबली आणि सुटलीही.

"हा प्रश्न माझाही आहे," ती शेवटी म्हणाली. "उत्तर नाही माझ्याकडं. देवाच्या योजनेत असेल, आपल्याला कळत नाही, असं मी तुला सांगणार नाही. वॉर्डात लोकांना ते सांगताना मी ऐकलंय, आणि ते ऐकणाऱ्या आयांचे चेहरेही पाहिलेत. पण तू तो अध्याय पुरता वाच. तो उठलेला माणूस कोण होता? बरं व्हायचंय का विचारलं तर त्यानं हो म्हटलं नाही, गाऱ्हाणं सांगितलं. विश्वास दाखवला नाही. कुणी बरं केलं तेही त्याला माहीत नव्हतं. नंतर कळलं तेव्हा त्यानं जाऊन पुढाऱ्यांना नाव सांगितलं. अशा माणसाला उठवलं. म्हणजे विश्वासाच्या मोबदल्यात बरं होणं मिळतं, हा हिशेब तिथं मोडला. त्या तळ्यावर त्याच्याहून चांगली, जास्त प्रार्थना करणारी माणसं पडली असतील. तुझी आई पडली होती. ती राहिली यात तिचा काही दोष नव्हता, हे मला त्याच अध्यायातून कळलं."

"पण पुढं येशू त्याला भेटून म्हणतोच की आता पाप करू नकोस, नाहीतर आणखी वाईट होईल."

"म्हणतो. बरं केल्यावर म्हणतो, आधी अट घालत नाही. आणि तोच योहान चार अध्याय पुढं जन्मांधाची गोष्ट सांगतो. शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? प्रभू म्हणतो, कुणाचंच नाही. पौलाचं घे. त्याच्या अंगात काहीतरी काटा होता, तीनदा विनवणी केली, निघाला नाही. ज्याच्या हातून इतरांना बरं वाटायचं त्या पौलानं त्रफिमाला मिलेताला आजारी सोडलं आणि पुढं निघून गेला. पत्रात तसं लिहिलंय, लपवलं नाही. पौलाचा विश्वास कमी होता म्हणणारा सेवक मला भेटव."

आमच्या दोघांच्या बोलण्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे. चमत्काराचा अर्थ लावायचा तर तो जिथं झाला नाही तिथं, त्या खाटेशी उभं राहून लावता आला पाहिजे. आईच्या उशाशी उभं राहून जी शिकवण उच्चारता येत नाही, किंवा उच्चारली तर मरणाऱ्या बाईला गुन्हेगार करते, ती मंडपात हजारो लोकांसमोर कितीही टाळ्या घेवो, ती खोटी आहे. मी अश्रद्ध म्हणून हे म्हणतो आणि आत्या श्रद्धाळू म्हणून.

कायद्यानंही रेष साधारण तिथंच ओढली आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यांनी ज्यासाठी अनेक वर्षं झगडा केला तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी महाराष्ट्रात झाला. त्यात प्रार्थनेला बंदी नाही, उपासनेला नाही, होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगायलाही नाही. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा कमावणं, त्यांच्या नावानं लोकांना फसवणं आणि धाकात ठेवणं हा गुन्हा आहे. धर्मोपदेशकांच्या चमत्कारांबद्दल सांगायला जी सूट आहे ती शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होत नसेल तोवरच. आत्याला मी हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, पेत्रानं हे आधीच केलं होतं. शिमोन नावाचा जादूगार पैसे घेऊन आला, ही शक्ती मला विकत द्या म्हणाला, तेव्हा पेत्रानं त्याला पैशासकट झिडकारलं.

मग आम्ही बरंच काही बोललो. मिरजेचं बोललो. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी तिथं १८९४ साली दवाखाना उभा केला आणि मिरज डॉक्टरांचं गाव झालं. वेल्लोरचे पॉल ब्रँड १९४० च्या दशकाच्या अखेरीला कुष्ठरोग्यांच्या आखडलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करू लागले, चांगल्या स्नायूचा कंडरा वळवून बोटं उघडू लागले. शुभवर्तमानात वाळलेल्या हाताचा माणूस आहे. मी म्हणालो, बघ, चमत्कार कुणी केला? शल्यक्रियेनं.

"शल्यक्रियेला मी चमत्कार म्हणणार नाही," आत्या म्हणाली. "तो डॉक्टरच्या कष्टांचा अपमान होईल. ते शिकले, चुकले, परत शिकले. पण इतर डॉक्टर हात लावायला तयार नव्हते तेव्हा हा हात का लावत होता, ते त्याला विचारलं असतंस तर त्यानं तुला मार्कचा पहिला अध्याय दाखवला असता."

पंडिता रमाबाईंवरून मात्र आमचं जुळलं नाही. दुष्काळात त्यांनी शेकडो मुली वाचवल्या, केडगावला मुक्तिसदन उभं केलं, विहिरी खणल्या, छापखाना चालवला, बायबलचं भाषांतर केलं. त्यांच्यापुढं मी हात जोडतो. १९०५ साली तिथं जी आत्मिक जागृती झाली, मुली रडू लागल्या, अनोळखी भाषांत प्रार्थना करू लागल्या, ते मला पटत नाही. आत्या म्हणते, बाई एकच होती, तू तिचे दोन तुकडे करतोस. मी म्हणतो, करतो.

आणि पुनरुत्थानावर तर ती जराही हलत नाही. "बाकी कशावरही तुझ्याशी वाद घालीन. पाण्यावर चालणं कुणाला रूपक वाटलं तर वाटू दे. पण तो उठला नसेल तर माझा विश्वास फुकट, असं पौलच म्हणतो. आणि एक बघ. उठला तेव्हा हातांच्या आणि कुशीच्या जखमा तशाच होत्या. थोमाला त्या दाखवल्या. देवाच्या हातून झालेला सगळ्यांत मोठा चमत्कार, त्यातसुद्धा जखमा पुसल्या नाहीत. मग तुझ्या आईची जखम विश्वासानं झाकायला मी कोण?"

मला पुनरुत्थान पटत नाही. त्या जखमांचं तिचं म्हणणं मात्र मनातून जात नाही, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या मुलीच्या घरी गेलो. वडील कंपनीत गेलेले, आई भाकरी करत होती. तिची अडचण अडाणीपणाची नव्हती, हे मी इथं आवर्जून लिहितो. ती म्हणाली, "गोळी परत चालू केली तर प्रभूनं बरं केलं नाही असं म्हटल्यासारखं होईल ना? मग ते बरं होणं खरंच निघून जाईल." तिला भीती होती ती आपल्या अविश्वासानं लेकराचं वाटोळं होण्याची. माझ्या आईच्या तोंडून ऐकलेलं वाक्य मी दुसऱ्या आईच्या तोंडून ऐकत होतो.

मी माझ्या कामातलं सांगितलं. फिटची गोळी एकदम सोडली तर पहिल्यापेक्षा जोराच्या आणि लांबणाऱ्या फिट येऊ शकतात, त्या जिवावर बेततात. आता चालू करायची तीही मनानं नाही, डॉक्टरला विचारून, त्यांनी सांगितलेल्या मात्रेत. कधीकाळी थांबवायची तर तेच हळूहळू कमी करत आणतील. तिनं ऐकून घेतलं, पण तिची मान हलली ती आत्याच्या बोलण्यावर.

"याईराची पोरगी आठवते? बारा वर्षांची, मेलेली. प्रभूनं हात धरून उठवली. मग लगेच काय म्हणाला?"

ती बाई विचार करून म्हणाली, "तिला खायला द्या म्हणाला."

"मेलेल्या पोरीला उठवणाऱ्याला तिचं पोट भरता आलं नसतं का? ते काम त्यानं आईबापाला दिलं. तुझी भाकर जशी तशी तुझी गोळी. दे. देताना प्रार्थना कर. मीही करते."

त्याच दुपारी आत्या त्यांना घेऊन डॉक्टरांकडं गेली.

परत येताना मी तिच्याशी पुन्हा भांडलो. म्हणालो, तुमच्या रविवारच्या उपासनेत साक्षी कोण देतं? बरे झालेले. नोकरी लागलेले. व्हिसा मिळालेले. ज्यांचं मूल गेलं, ज्यांची प्रार्थना ऐकली गेली नाही आणि तरी जे मागच्या बाकावर येऊन बसतात, त्यांना कधी पुढं बोलावलंय का? हीच मंडळी मोजून पाहिली तर जास्त निघतील. ती उभी राहून बोलली असती तर आईला तो प्रश्न पडला नसता, आणि या बाईनं पाकिटं कपाटावर ठेवली नसती. स्तोत्रांच्या पुस्तकात विलाप किती आहेत! देवा, तू झोपलास का, असं तिथं उघड विचारलंय. ते म्हणायला चालतं, माइकवर सांगायला चालत नाही?

ती चालता चालता थांबली. म्हणाली, "पाळकांशी बोलते. या रविवारी मी उभी राहते. तुझ्या आईची साक्ष देते. बरी झाली नाही, ही साक्ष. काय सांगायचं ते तू लिहून दे, तुझी आई आहे."

मी लिहून दिलं. आजाराचं नाव, महिने, प्रार्थना, त्या माणसाचं वाक्य, आईचा प्रश्न. शेवटी लिहिलं, देवानं काही केलं नाही.

आत्यानं चष्मा लावून वाचलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "देवानं बरं केलं नाही, असं लिही. काही केलं नाही, हे मला मान्य नाही. त्या रात्री मी तिच्याजवळ होते, तू नव्हतास."

"मला माझं वाक्य बदलायचं नाही."

"मग नको बदलू. तुझं तुझ्या नावानं वाचीन, माझं माझ्या. मंडळी दोन्ही ऐकून घेईल. पण पहिल्या बाकावर बसून ऐकायला तू यायचं."